आरेते: 'सद्गुण' की नुसता 'गुण'?

'आरेते' या प्राचीन ग्रीक शब्दाचा अर्थ 'सदाचार' असा सांगितला जातो, पण ते मला अर्धंच पटतं. हा शब्द नीतीच्या चर्चेपेक्षा बराच जुना आहे. होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्याच्या २०व्या सर्गात ट्रॉयचा राजा प्रायम याचा धाकटा मुलगा पॉलिडोरस आपल्या पायांचं आरेते, म्हणजे धावण्यातली सरशी, दाखवत आघाडीवर पळत सुटतो आणि ग्रीक वीर अकिलीसच्या भाल्याला बळी पडतो. २३व्या सर्गात तर घोड्यांचंही आरेते आहे. इथे सदाचाराचा संबंधच नाही.

अ‍ॅरिस्टॉटलनेही हा जुना अर्थ टाकला नाही. हा ग्रीक तत्त्वज्ञ म्हणतो, डोळ्याच्या आरेतेमुळे डोळा चांगला ठरतो आणि त्याचं पाहण्याचं कामही चांगलं होतं. माणसाचं आरेतेही तसंच. म्हणून मला 'सद्गुण'पेक्षा आपला साधा 'गुण' जास्त जवळचा वाटतो. औषधाचा गुण आला असं आपण म्हणतो, तेव्हा औषधाने आपलं काम नीट केलं एवढंच सांगायचं असतं. मात्र औषधाचा गुण त्याच्यात मुळातच असतो. शील, धैर्य असे माणसाचे गुण अ‍ॅरिस्टॉटलच्या मते सवयीने येतात, घरं बांधता बांधता माणूस गवंडी होतो तसे.