मदत हवी आहे: परक्या चित्रपटावरून पटकथा, आणि करारात 'मूळ लेखन' अशी सही मागतायत

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याकडचा. जत्रेला आणि कला अकादमीच्या स्पर्धेला नाटकं करणारा आमचा ग्रुप आहे. त्याच ओळखीतून एका मराठी चित्रपटाची पटकथा लिहायचं काम माझ्याकडे आलं. निर्मात्याने कथा म्हणून व्हॉट्सॲपवर एका स्पॅनिश चित्रपटाची लिंक पाठवली. "हा बघ आणि आपल्याकडे आण." समुद्राकाठचं घर, तीन भावंडं, वाटणीचा घोळ. गोव्यात कुठल्याही वाड्यावर घडेल अशी गोष्ट. पहिला खर्डा लिहून झाला.

आता करार आलाय. त्यात एक कलम आहे: लेखन लेखकाचे स्वतंत्र व मूळ असून कोणताही दावा उद्भवल्यास संपूर्ण जबाबदारी लेखकाची राहील. विचारलं तर उत्तर मिळालं, "वीस टक्के बदललं की कॉपीराईट लागत नाही. आणि स्पेनहून कोण येतोय फोंड्यात बघायला?" हाच माणूस स्पर्धेच्या नाटकाला लेखकाचं परवानगीपत्र हातात आल्याशिवाय तालीम सुरू करू देत नाही!

'दृश्यम' मल्याळममध्ये २०१३ साली आला, रीतसर हक्क घेऊन २०१५ साली हिंदीत झाला, तोही गोव्यात घडवून. 'सैराट'चे हक्क घेऊनच 'धडक' झाला. म्हणजे रस्ता आहे. पण आमच्यासारख्या लहान बजेटवाल्यांनी हक्क मागायचे कोणाकडे? आणि वीस टक्क्यांचं खरं काय?

प्रतिसाद

वीस टक्क्यांचं कलम कायद्यात कुठेही नाही. दहाचंही नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल मिळवून वाचा. कल्पना, विषय, कथासूत्र यावर कोणाचीच मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर. दोन्ही कलाकृती पाहिलेल्या प्रेक्षकाला 'ही त्याचीच नक्कल' असं स्पष्टपणे वाटलं तर तो कॉपीराईटचा भंग. त्या खटल्यात चित्रपटावर दावा लावणारा नाटककार हरला होता, म्हणून निर्माते हा निकाल आवडीने सांगतात. पण २०१० मध्ये हॉलिवूडचा 'फोन बूथ' आणि हिंदी 'नॉक आउट'च्या वादात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी 'फोन बूथ'वाल्या फॉक्स कंपनीच्या बाजूने कौल दिला, तो कोणी सांगत नाही. स्पेन आणि भारत दोन्ही बर्न करारात (कॉपीराईटचा आंतरराष्ट्रीय करार) आहेत, त्यामुळे तिथली कलाकृती इथेही सुरक्षित. कॉपीराईट कायद्याच्या कलम ६३ खाली जाणूनबुजून भंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. 'जाणूनबुजून' ठरवायला तुमचा व्हॉट्सॲपचा संवाद पुरे आहे, तो जपून ठेवा. लिंक त्यांनी पाठवली हे त्यातूनच दिसतं.

हक्कांसाठी शेवटच्या श्रेयनामावलीत निर्मितीसंस्था बघा. चित्रपट महोत्सवांत फिरला असेल तर त्यांच्या कॅटलॉगमध्ये विक्री एजंटचं नाव असतं. इफ्फीला (गोव्यातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) जोडून एनएफडीसीचा (सरकारी चित्रपट विकास महामंडळ) फिल्म बाजार भरतो, तिथे असे लोक येतात. तुम्हाला तर घराजवळच. फक्त मराठी रिमेकचे हक्क मागा, सगळ्या भारतीय भाषांचे मागितलेत की आकडा वाढतो. आधी ऑप्शन घ्या: थोडी रक्कम देऊन ठरावीक मुदतीपुरते हक्क राखून ठेवायचे, तेवढ्यात पैसा उभा करायचा. सगळं लेखी. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दुबई-लंडनच्या गोंयकारांसाठी शो लावायचे असतील तर ते आधीच घाला.

आणि त्या कलमावर सही करू नका. त्याऐवजी 'निर्मात्याने पुरवलेल्या कलाकृतीवर आधारित, मूळ हक्क मिळवणे ही निर्मात्याची जबाबदारी' असं घालून घ्या.

धागाकर्ता

आभार, दादा. कलम बदलायचं म्हटल्यावर निर्मात्याने दोन दिवस मागितलेत. एक शंका राहिली: स्पेनवाल्यांनी नकार दिला तर वाटणीचा विषय ठेवून मी नव्याने लिहू शकतो ना?

प्रतिसाद

वाटणी कोणाच्याच बापाची नाही, हवी तेवढी लिहा. फक्त जुना खर्डा समोर ठेवून लिहू नका. प्रसंगांचा क्रम आपोआप तोच येतो. आणि आगाऊ रक्कम घेतली असेल तर ती कशापोटी, हे आत्ताच लिहून घ्या.