युद्धात शास्त्रज्ञांसाठी वेगळं कलम हवं का?

पाणचक्की (धागाकर्ता): १३ जून २०२५ला इस्रायलच्या हल्ल्यांत इराणचे फरेदून अब्बासी आणि मोहम्मद मेहदी तेहरांची हे अणुशास्त्रज्ञ मारले गेले. जिनिव्हा करारांत वैद्यकीय कर्मचाऱ्यांना वेगळं संरक्षण आहे, त्या करारांना जोडलेल्या १९७७च्या पहिल्या प्रोटोकॉलमध्ये कलम ७९ पत्रकारांसाठी आहे. मग प्रयोगशाळेतल्या माणसासाठी का नको? माझ्या मते हवंच, ओळखपत्रासकट.

काथ्याकूट: गरज नाही. कलम ७९ सुद्धा पत्रकार हे नागरिकच आहेत, एवढंच सांगतं. शास्त्रज्ञ सैन्यात नसेल तर तोही नागरिकच. त्याच प्रोटोकॉलच्या कलम ५१(३)प्रमाणे तो प्रत्यक्ष लढाईत भाग घेईल तेवढ्याच वेळापुरतं त्याचं संरक्षण जातं. असा भाग म्हणजे काय, हे सांगणाऱ्या रेडक्रॉसच्या २००९च्या मार्गदर्शिकेतली दुसरी कसोटी बघा: कृती आणि इजा यांत एकच पायरी हवी. शस्त्राचा आराखडा काढणं त्यात सहसा बसत नाही. कायदा आहे, पाळायला कोणी तयार नाही, हे खरं दुखणं.

उलटतपासणी: "सहसा" याच शब्दात मेख आहे. त्या मार्गदर्शिकेच्या चर्चेत दुसऱ्या महायुद्धातल्या शास्त्रज्ञांचा अपवाद निघालाच होता. आणि माणसं हेरून मारायचं ठरलं की काय होतं? १७-१८ ऑगस्ट १९४३च्या रात्री ब्रिटिश विमानांनी जर्मनीतल्या पेनेम्युंडेतली रॉकेटतज्ज्ञांची वसाहतच लक्ष्य केली. इंजिनतज्ज्ञ वॉल्टर थील कुटुंबासह गेले. पण सुरुवातीच्या खुणेच्या ज्योती दक्षिणेला पडल्या, बॉम्ब ट्रासेनहाइडेच्या छावणीवर कोसळले आणि वेठबिगार मजूर शेकड्यांनी मेले.

काथ्याकूट: म्हणूनच ओळखपत्र नको! ते द्यायचं तर नोंदवही आली, आणि नोंदवही फुटते. अब्बासी आणि इराणचेच दुसरे अणुशास्त्रज्ञ फख्रीजादे यांची नावं सुरक्षा परिषदेच्या इराणवर निर्बंध घालणाऱ्या २००७च्या ठराव १७४७च्या परिशिष्टात छापली होती. अब्बासींवर २९ नोव्हेंबर २०१०ला हल्ला झाला, ते वाचले. फख्रीजादे २०२०मध्ये मारले गेले. यादीमुळेच हे घडलं असं म्हणत नाही, पण यादी हाताशी होती. लाल क्रॉस दुरून दिसावा म्हणून असतो. इथे न दिसणं हेच कवच.

पाणचक्की: ओळखपत्राचा मुद्दा मागे घेतो, कलमाचा नाही. तोवर निदान एवढं करावं. संस्थेच्या पानावरून घरचा पत्ता, मोबाइल, तासांचं वेळापत्रक काढा. गफलत अशी होते की पान बदलतं, पण जुन्या परिषदांच्या कार्यक्रमपत्रिकांच्या पीडीएफ तशाच राहतात. जायची वेळ आणि फाटक रोज बदला. अब्बासींवरचा २०१०चा तो हल्ला सकाळी कामावर जातानाच झाला, मोटरसायकलवरून गाडीला बॉम्ब चिकटवून. पदव्या आणि पासपोर्टच्या प्रती देशाबाहेर ठेवा.

उलटतपासणी: आणि बाहेर पडायचं तर शिष्यवृत्तीची मुदत आणि व्हिसा-पासपोर्टची मुदत ताडून बघा. वर्षाची शिष्यवृत्ती मिळते, पण पासपोर्ट आठव्या महिन्यात संपतो, आणि नूतनीकरणासाठी ज्या दूतावासात जायचं, त्याच सरकारपासून माणूस पळालेला असू शकतो. कुटुंबाचे अर्ज त्याच दिवशी भरा, नंतर नाही.

काथ्याकूट: इथे सहमत. कलमाबाबत अजूनही नाही.