विंडोजमध्ये मराठी आधीपासूनच आहे, मग इनस्क्रिप्ट का शिकू नये?

भाषांतरकार_नाशिक (धागा)

संगणक जलद कसा करायचा हे सगळेच विचारतात. रॅम वाढवू का, एसएसडी टाकू का? रोज दोन-चार पानं मराठी लिहिणाऱ्याचा खरा वेळ जातो तो टायपिंगच्या पद्धतीत, आणि त्याचा उपाय विंडोजमध्ये फुकट पडून आहे: इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कळांची रचना.

मी भाषांतराची कामं करते. बरीच वर्षं रोमन अक्षरांत लिहून मराठी करून देणारा एक प्रोग्राम वापरला. नवा लॅपटॉप घेतला तेव्हा कळलं की कंपनीने तो बंदच केलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा पानं द्यायची होती. त्या रात्री पहिल्यांदा सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी भाषा जोडली. इनस्क्रिप्टचा हा मराठी कीबोर्ड विंडोज २००० पासून आहे. एक्सपीच्या काळात सीडी घालून जादा फाइल्स टाकाव्या लागायच्या, आता चार क्लिकचं काम आहे. मग विंडोज की आणि स्पेस दाबली की इंग्रजीचं मराठी.

इनस्क्रिप्टची रचना डोळ्यांसमोर आणा: डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. इंग्रजी के च्या कळीवर क, शिफ्ट धरून ख. आय वर ग, शिफ्ट धरून घ. डी म्हणजे हलन्त, अक्षर अर्धं करणारी खूण. बाराखडी येते त्याला अर्धी रचना पाठच असते. ‘म्हणून’ लिहायचं तर सी, डी, यू, शिफ्ट-सी, टी, व्ही. सहा वेळा बोट, आणि पर्यायांच्या यादीकडे एकदाही बघायचं नाही. मला हात बसायला तीन आठवडे लागले. पहिला आठवडा रडकुंडीला आणणारा होता, पण आज माझा वेग दुपटीच्या जवळ आहे.

माझं म्हणणं सरळ आहे: मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे शिकावं.

झेडपी_गुरुजी

‘प्रत्येकाने’ या शब्दाला माझा विरोध आहे. आमच्या शाळेत सहा संगणक आहेत आणि सातवीची मुलं आठवड्यातून एक तास त्यावर बसतात. तीन आठवडे हात बसवायचे म्हणजे त्यांचं अर्धं वर्ष. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक (रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणारा) कीबोर्डही आलाय, तोही फुकट आणि नेट नसताना चालणारा. भाषेच्या पर्यायांत जाऊन ‘कीबोर्ड जोडा’ म्हटलं की यादीत दिसतो. माझी मुलं पहिल्याच तासाला स्वतःचं नाव लिहितात. एका मुलीने आजीला पत्र लिहून त्याची प्रिंट घरी नेली. तिला मी आधी डी म्हणजे हलन्त शिकवत बसलो असतो तर ते पत्र झालं नसतं.

भाषांतरकार_नाशिक

गुरुजी, पत्राचं वाचून फार बरं वाटलं. पण ‘वाऱ्यावर’ लिहायला सांगून बघा. रोमनमधून हमखास ‘वार्यावर’ उमटतं आणि मुलांना तेच बरोबर वाटू लागतं. दर्या आणि दऱ्या यांत समुद्र आणि डोंगराइतकं अंतर आहे. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे म्हणजे ऱ, मग डी, मग तिरकी रेघ म्हणजे य. हात हे शिकतो तेव्हा जोडाक्षर कशाचं बनलंय तेही शिकतो. ‘पाणी’चं ‘पानी’ होण्याचंही तेच.

झेडपी_गुरुजी

सुचवलेल्या शब्दांच्या यादीत ‘वाऱ्यावर’ही येतं, निवडावं लागतं इतकंच. आणि निवडताना मी मुलांना विचारतो, यातलं बरोबर कोणतं? शुद्धलेखनाचा तास त्यातच होतो.

जुना_टंकलेखक

माझी बाजू दोघांपेक्षा वेगळी. गोदरेजच्या टाइपरायटरवर मराठी ३० ची आणि ४० ची (मिनिटाला इतक्या शब्दांची) परीक्षा दिली. बोटांत रेमिंग्टनची, म्हणजे टाइपरायटरच्या कळांची, रचना आहे, ती आता मेल्यावरच जाईल. नोकरीतली सगळी वर्षं त्यावरच काढली. माझ्यासारख्याला साठीनंतर पुन्हा अ-आ-इ पासून सुरू करा म्हणणं अन्याय आहे, बाई.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने सांगतो. आमच्या सोसायटीचा ३० वर्षांचा इतिवृत्तांत मी जुन्या, युनिकोड (कुठल्याही संगणकावर अक्षर तेच ओळखलं जाईल अशी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलाय. गेल्या वर्षी नवीन सचिवांनी त्या फाइल्स उघडल्या तर पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा. त्यांच्या संगणकावर तो फॉन्टच नव्हता. ‘ठराव’ हा शब्द शोधायला गेले तर सापडेना, कारण संगणकाच्या लेखी तिथे मराठी नव्हतंच. ते बघून जिवाला लागलं. रचना कोणतीही ठेवा, पण अक्षर युनिकोडच हवं. रेमिंग्टनच्या रचनेतून युनिकोड लिहून देणारी साधनं मिळतात, मी तीच घेतली. जुन्या फाइल्स रोज दोन-दोन पानं रूपांतर करून तपासतोय.

बेळगावकरीण

इनस्क्रिप्टला माझं मत, आणि कारण इथे कुणी लिहिलेलंच नाही. ऑफिसात मला मराठी आणि कन्नड दोन्ही लिहावं लागतं. के दाबलं की मराठीत क आणि कन्नडमध्येही क, जागा तीच. इनस्क्रिप्ट १९८६ मध्ये ठरला तो भारतीय लिप्यांचा वर्णक्रम सारखा आहे हे धरूनच. मी एकदाच शिकले आणि दोन लिप्या आल्या. गोव्यातली माझी मावसबहीण त्याच बोटांनी कोंकणी लिहिते.

फोनवाला_पुणे

एवढा खटाटोप कशाला? मी फोनवर बोलतो, मजकूर उमटतो, तो स्वतःला मेल करतो. दहा मिनिटांत दोन पानं. आजच्या काळात बोटांचं शिक्षण कशाला हवं?

भाषांतरकार_नाशिक

पहिल्या खर्ड्याला मीही बोलते. पण करारनाम्यातलं एखादं कलम बदलायचं तर बोलून होत नाही, तिथे कर्सर नेऊन एक मात्रा पुसावी लागते. आणि अशिलाची कागदपत्रं ऑफिसात सगळ्यांसमोर मोठ्याने कशी वाचणार?

रात्रपाळी

वाद चालू द्या, पण सगळ्यांना लागणाऱ्या दोन अडचणी सांगतो.

पहिली, मराठी जोडल्यावर ‘पासवर्ड चुकतोय’ असे फोन मला रोज येतात. पासवर्ड बरोबर असतो, लॉगिनच्या पडद्यावर कीबोर्ड मराठी राहिलेला असतो. खाली उजव्या कोपऱ्यात भाषा बघा, बदला, मग टाइप करा.

दुसरी, वर्डमध्ये मराठी आणि एक्सेलमध्ये इंग्रजी असं चालू असलं की सारखं बदलावं लागतं. कीबोर्डच्या ‘ॲडव्हान्स्ड’ सेटिंग्जमध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवायचा चौकोन आहे, त्यावर टिक करा.

आणि शिकणाऱ्यांसाठी: विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा. पडद्यावर कीबोर्ड येतो आणि भाषा मराठी असेल तर कळांवर देवनागरी दिसते. स्टिकर चिकटवायची गरज नाही.

झेडपी_गुरुजी

हे माहीत नव्हतं, मनापासून आभार. आत्ताच शाळेच्या संगणकावर करून पाहिलं. बाई, फोनेटिक मी सोडणार नाही. पण ज्या दोन मुली भराभर लिहायला लागल्यात, त्यांना उद्यापासून पडद्यावरचा कीबोर्ड उघडून इनस्क्रिप्ट दाखवतो. सुरुवात कुठल्या ओळीपासून करू?

भाषांतरकार_नाशिक

मधल्या ओळीपासून. डावीकडून ो, े, ्, ि, ु आणि उजवीकडे प, र, क, त, च. एवढ्यात ‘तर’, ‘पुरे’, ‘रोप’, ‘कोरे’ होतात. चार दिवस एवढंच करू द्या. मग वरच्या ओळीतला एकटा काना द्या, इंग्रजी ई च्या कळीवर आहे. ‘पुरात’, ‘तारा’, ‘चाकोरी’कडे त्या आपणच येतील, ‘री’साठी आर वरची दीर्घ वेलांटी तेवढी दाखवा.