मदत हवी आहे: 'कऱ्हा' टाकलं की यादीतलं एक नाव गायब

साखरपेठकर:
मामांच्या चादरींच्या होलसेल दुकानासाठी उधारीचं अ‍ॅप करतोय. वर सर्च, खाली गिऱ्हाइकांची यादी. सुरुवातीची अक्षरं टाकली की तेवढीच नावं राहायला पाहिजेत. 'क' टाकलं की दोन्ही कऱ्हाडकर दिसतात, 'कऱ्हा' टाकलं की एकच! दोन दिवस गेले ह्यात. गड्ड्याच्या जत्रेआधी मामांना द्यायचंय, लवकर सांगा की ओ.

भुईकोट:
कशात लिहिताय, कॉटलिन की फ्लटर? यादी मेमरीत की डेटाबेसात?

साखरपेठकर:
फ्लटर. मेमरीत, साडेतीनशे नावं. नावाची सुरुवात जुळते का बघायला स्टार्ट्सविथ लावलंय.

सातरस्ता:
कंटेन्स वापरा, नावात कुठंही असलं तरी सापडतं. आमच्या मेडिकलच्या अ‍ॅपला तेच लावलंय, गिऱ्हाईक मधलाच शब्द सांगतं.

भुईकोट:
त्यानं काय होणार? नाव 'कऱ्हा'नंच सुरू होतं, तेच जुळत नाही तर कंटेन्सनंही जुळणार नाही. गाळलेल्या यादीवरच परत गाळताय का? अक्षर खोडल्यावर नावं परत येतात?

साखरपेठकर:
येतात. मूळ यादी वेगळी ठेवलीय.

जुनामाग:
सरळ एसक्यूलाइट डेटाबेसचं फुल टेक्स्ट सर्च घाला. पुढं हजारो नावं झाली की रडाल.

भुईकोट:
साडेतीनशे नावांना कशाला ते?

टिळकचौक:
चादरी जकार्डच्या आहेत का? लग्नात आहेराला ४० पाहिजेत.

तिरकीरेघ:
ती दोन नावं कुणी टाइप केली?

साखरपेठकर:
एक मी मोबाइलवर. दुसरं मामांच्या जुन्या एक्सेलमधून आलंय.

तिरकीरेघ:
मग तिथंच आहे. 'ऱ्ह' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. दिसायला एकच, आत आकडे वेगळे. दोन्ही नावांचे रून्स, म्हणजे अक्षरांचे युनिकोड आकडे, प्रिंट करून बघा.

साखरपेठकर:
एकात क नंतर २३५३, २३८१. दुसऱ्यात २३५२, २३८१, ८२०५!! हे ८२०५ काय आहे?

तिरकीरेघ:
न दिसणारा जोडक, झिरो विड्थ जॉइनर. प्रत्येक नावाची शोधापुरती वेगळी प्रत ठेवा. त्यात २३५३ (ऱ) च्या जागी २३५२ (साधा र) घाला, ८२०५ काढा, नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) २३६४ असेल तर तोही काढा. सर्चमध्ये टाकलेल्या अक्षरांनाही हेच करा, मग स्टार्ट्सविथ. मूळ नावाला मात्र हात लावू नका, नाहीतर बिलावर 'कर्हाडकर' छापून येईल.

साखरपेठकर:
आले दोघंही! दोन गोऱ्हे होते, तेपण आले. लई आभार. टिळकचौक, चादरी जकार्डच्याच आहेत, मामांना विचारून भाव सांगतो.

जुनामाग:
तरी फुल टेक्स्ट सर्चचं बघाच.