बॉस्टनमध्ये आइस्क्रीम मागताना नेमकं काय म्हणायचं?

नातवाची आजी:
मी कऱ्हाडची, वय ६४. चार महिन्यांसाठी मुलीकडे बॉस्टनला आले आहे. काल सहा वर्षांच्या नातवाला घेऊन एकटीच आइस्क्रीमच्या दुकानात गेले. "टू आइस्क्रीम" म्हटलं, तर काउंटरवरची पोरगी भराभर विचारायला लागली. कप की कोन एवढंच कळलं. "जिमीज?" म्हणाली, मी मान डोलावली, तर नातवाच्या कोनावर चॉकलेटी बारीक शेवया! मी अंडं खात नाही, त्यामुळे माझ्यासाठी काही न घेताच परतले. मला हे स्वतः नीट मागता यायला हवंय. कुणी सांगाल का?

बारा वर्षं इथेच:
काकू, जिमीज म्हणजे स्प्रिंकल्स, हा बॉस्टनकडचा शब्द. मागताना म्हणा, "कॅन आय गेट वन स्कूप ऑफ मँगो इन अ कप, प्लीज?" कोनांत केक कोन फिका आणि सपाट बुडाचा, शुगर कोन टोकदार नि कुरकुरीत, वॉफल कोन मोठा. नातवाला "किडी साइज" पुरेल. "कॅन आय ट्राय धिस?" विचारलंत की चमचाभर चव देतात, अजिबात संकोच करू नका.

अंड्याचं मात्र जपा. फ्रोझन कस्टर्ड या आइस्क्रीमच्याच प्रकारात बलक असतोच, इथला नियमच आहे तसा. फ्रेंच व्हॅनिलातही असतो. बाकी फ्लेवर्सना दरवेळी विचारा, "इज देअर एग इन इट?" सॉर्बे (शेवटचा ट म्हणत नाहीत) म्हणजे फळ, साखर, पाणी. शर्बेट वेगळं, त्यात थोडं दूध असतं. आणि रॉकी रोड हा फ्लेवर नको. त्यातल्या मार्शमॅलोत बहुधा जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून करतात.

सुट्टीत व्हरमाँट:
काकू, मिल्कशेक मागताना लक्ष ठेवा. बॉस्टनच्या जुन्या दुकानांत तो नुसता दूध आणि सिरपचा. आइस्क्रीम घातलेला हवा तर "फ्रॅप" म्हणायचं. आणि इकडे शेजारच्या व्हरमाँट राज्यात आलात तर सॉफ्ट सर्व्हला, म्हणजे मशीनमधून सोडतात त्या मऊ आइस्क्रीमला, "क्रीमी" म्हणतात.

नातवाची आजी:
आज जाऊन आले. अंड्याचं विचारलं, तर तिने मागून एक फाइल काढली आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. रासबेरी सॉर्बे घेतलं, अगदी महाबळेश्वरच्या रासबेरीसारखं आंबटगोड. तुम्हा दोघांचे मनापासून आभार. बाकावर बसल्यावर नातू म्हणाला, "आजी, जिमीज राहिले." मग कोन घेऊन पुन्हा रांगेत उभी राहिले.