स्पेस माउंटन: ओरलँडोचा म्हणे "खरा" आणि अनाहाइमची म्हणे "नक्कल"!

उजवं वळण

अमेरिका सहलीच्या धाग्यावर 'ओमेगा बाजू' यांनी परवा एक पिंक टाकली आहे: "ओरलँडोचा स्पेस माउंटन केला असेल तर अनाहाइमचा खुशाल सोडा. जागा नव्हती म्हणून काढलेली छोटी नक्कल आहे ती." तिथे उत्तर दिलं तर व्हिसा आणि हॉटेलांच्या गर्दीत वाहून जाईल, म्हणून वेगळा धागा. (नवीन वाचकांसाठी: स्पेस माउंटन म्हणजे डिस्नेच्या पार्कातली, डोंगरासारख्या घुमटाच्या आत अंधारात पळणारी रोलरकोस्टर. ओरलँडो म्हणजे फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड, अनाहाइम म्हणजे कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड.)

छोटी आहे, मान्य. ओरलँडोच्या घुमटाचा व्यास ३०० फूट, अनाहाइमचा २००. क्षेत्रफळात सव्वादोन पटींचा फरक. पण माणूस घुमट बघायला नाही, गाडीत बसायला जातो. रुळाची लांबी बघा. ओरलँडोत दोन रूळ, एक ३१९६ फुटांचा, दुसरा ३१८६. तुम्हाला त्यातला एकच मिळतो. अनाहाइमचा एकुलता एक रूळ ३४५९ फूट. म्हणजे "छोट्या नकलेत" अडीचशेहून जास्त फूट पदरात पडतात.

बसायची तऱ्हा बघा. ओरलँडोत एका डब्यात तिघं, एकामागे एक. अनाहाइममधे शेजारी शेजारी दोघं, अशा तीन ओळी. लहान मूल बरोबर असेल तर हा फरक फार मोठा आहे. अंधारात मूल तुमच्या शेजारी असणं वेगळं आणि तुमच्या पाठीमागे एकटं असणं वेगळं. शिवाय उंचीची अट अनाहाइममधे ४० इंच, ओरलँडोत ४४.

आणि रूळ! अनाहाइमची राइड एप्रिल २००३ मधे बंद झाली ती थेट जुलै २००५ मधे उघडली. मधल्या काळात जुना रूळ उखडून त्याच आखणीवर पूर्ण नवा टाकला. ओरलँडोत २००९ मधे कित्येक महिने टाळं लावून नव्या गाड्या आणल्या, रांगेत खेळ बसवले. आखणी मात्र १९७५ चीच, आणि ते कंबरेला बरोबर कळतं.

ओमेगा बाजू

माझं एक वाक्य इतकं झोंबेल असं वाटलं नव्हतं. चला, घ्या.

ओरलँडो १५ जानेवारी १९७५ ला सुरू झाला. अनाहाइम २७ मे १९७७ ला. नंतर आलेल्या छोट्या वस्तूला नक्कल नाही तर काय मूळ प्रत म्हणायचं? जागेचं म्हणाल तर अनाहाइमच्या पार्कातला परीकथेचा किल्ला जेमतेम ७७ फुटांचा. त्याच्यापुढे डोंगर अंगावर येऊ नये म्हणून इमारत १७ फूट जमिनीत खणून बसवावी लागली. ओरलँडोत किल्ला १८९ फूट, डोंगर १८३. कुणाला लपवायची गरजच नाही. डोंगर पार्कभोवती फिरणाऱ्या आगगाडीच्या रुळाच्या बाहेर आहे, त्यामुळे रुळाखालच्या लांब, काळोख्या मार्गातून चालत जावं लागतं. त्या चालण्यातच निम्मं वातावरण तयार होतं.

आता मुद्द्याचं. ओरलँडोत सगळ्यात मोठी घसरण २६ फुटांची आहे, आणि डावी-उजवी दोन्हीकडे वळणं आहेत. अनाहाइममधे काय आहे? उजवीकडे, अजून उजवीकडे, परत उजवीकडे. तेलाचा घाणा आहे तो, फक्त बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधायच्या ऐवजी दिवे घालवलेत.

आणि दोन रूळ म्हणजे दुप्पट माणसं जातात, हे सोयीस्करपणे विसरलात.

तिसरी सीट

दुप्पट? जरा गुणाकार करू. ओरलँडोची गाडी म्हणजे तीन-तीनचे दोन डबे, सहा माणसं. अनाहाइमची सहा-सहाचे दोन डबे, बारा माणसं. समजा दोन्हीकडे दर २० सेकंदांनी गाडी सुटते. तासाला १८० गाड्या. अनाहाइम: १८० गुणिले १२, म्हणजे २१६०. ओरलँडो: १८० गुणिले ६, गुणिले दोन रूळ, तेही २१६०. कुठे गेली दुप्पट?

पण उजवं वळण यांनीही फार खूश होऊ नये. हे आकडे कागदावरचे. अनाहाइममधे दोघांची ओळ असल्यामुळे तिघांचं कुटुंब आलं की एक जागा रिकामी राहायची भीती. मग स्टेशनवरची माणसं "कुणी एकटं आहे का?" म्हणून ओरडत बसतात. ओरलँडोत एकेरी ओळ, त्यामुळे चार आणि दोन, तीन आणि तीन, कसेही सहा भरतात. आणि एक बाजू बंद पडली तर ओरलँडो निम्म्यावर येतो, अनाहाइम शून्यावर.

उजवं वळण

चार आणि दोनचा हिशोब मान्य. तासाला दोन-चार जागा रिकाम्या गेल्याने अनाहाइमचं दिवाळं निघत नाही, पण मान्य.

घाण्याबद्दल: वळणं बहुतेक उजवीकडेच आहेत, हे माझ्या नावातच लिहिलंय, लपवलं कुठे? पण एकाच दिशेने हळूहळू घट्ट होत जाणाऱ्या वळणात जोर सलग वाढतो. दिसत काही नाही, त्यामुळे आपण किती वेगात आहोत याचा अंदाज सुटतो. ओरलँडोत दर चार सेकंदांनी धक्का बसतो आणि शरीराला आठवण होते की आपण लोखंडावर आहोत. "अंतराळ" तिथेच संपतं.

आणि ज्या २६ फुटांचं इतकं कौतुक चाललंय, त्याचं गणित: घर्षण शून्य धरून जागेवरून २६ फूट खाली सोडलं तर वेग येतो ताशी साधारण २८ मैल. ओरलँडोचा कमाल वेग तेवढाच सांगतात. आपल्याकडे घाटात एसटी याहून जोरात उतरते.

रूळतपासनीस

कंबर आणि धक्का यावर दोघंही अंदाजपंचे बोलताय, म्हणून मधे पडतो.

सत्तरच्या दशकात राइड बनवणाऱ्या ॲरो कंपनीच्या पद्धतीचे नळीचे रूळ व्हायचे. तेव्हा सरळ रूळ आणि गोल वळण जवळपास थेट जोडलेले असत. मधे ट्रान्झिशन कर्व्ह, म्हणजे सरळ रुळातून हळूहळू घट्ट होत वळणात नेणारा तुकडा, नाही किंवा अगदी तोकडा. रेल्वेत असं केलं तर प्रवासी खिडकीवर आपटतील. सरळ रुळावर बाजूचा जोर शून्य असतो, वळणावर तो एकदम पूर्ण लागू होतो. हाच तो "धक्का". रूळ खराब झालाय असं नाही, तो मुळातच तसा आखलाय. कितीही वंगण घाला, नवी चाकं बसवा, जाणार नाही.

दुसरं, गाडी कलते ती कशाभोवती? जुन्या आखणीत रुळाभोवती. बसलेल्या माणसाचं डोकं रुळाच्या साधारण मीटरभर वर असतं. समजा गाडी ४५ अंश कलली, तर डोकं बाजूला ७० सेंटिमीटर फेकलं जातं, आणि हे अर्ध्या-एक सेकंदात. नवीन आखणीत छातीच्या आसपासचा बिंदू स्थिर धरून रूळच त्याच्याभोवती फिरवतात, म्हणजे मान वाचते. उजेडात पुढचं वळण दिसतं, आपण नकळत मान ताठ करतो. अंधारात ती संधीच नाही.

म्हणून ओरलँडोत मागच्या डब्यातली शेवटची सीट टाळा. पाठ टेकून, हनुवटी किंचित खाली, मांडीवरचा दांडा नीट ओढून. दांडा आणि मांडीत फट राहिली की प्रत्येक धक्का दोनदा लागतो: एकदा गाडीचा, एकदा दांड्याचा. उंच माणसांचे गुडघे तरीही लागतीलच, त्याला इलाज नाही.

बाकी ओमेगा यांचा "वातावरण" हा मुद्दा मला पटतो. घुमटाच्या बरगड्या बाहेर काढल्यात त्या शोभेसाठी नाहीत. आतली भिंत गुळगुळीत राहावी, त्यावर तारे पाडता यावेत म्हणून. डिस्नेचे डिझायनर जॉन हेंच यांचं डोकं. मोठ्या घुमटात तारे लांब दिसतात, हा फायदा ओरलँडोचाच.

ओमेगा बाजू

धन्यवाद, कुणीतरी शिकलेलं माणूस आलं धाग्यावर. ट्रान्झिशन कर्व्ह नाही हे गिळतो, तुम्ही म्हणताय म्हणून. पण म्हणूनच ती राइड *मूळ* आहे. नव्या रुळावर जुनं नाव म्हणजे वाडा पाडून टॉवर बांधायचा आणि पाटी "जोशी वाडा" तशीच ठेवायची.

झापडबंद

संगीताचा विषय कुणी काढतच नाहीये. अनाहाइममधे १९९६ मधे गाडीत स्पीकर बसवले, डिक डेलची गिटार. २००५ पासून मायकेल जियाचिनोची धून. ओरलँडोत गाडीत आवाज नाही, घुमटात जे वाजेल ते.

गाडीत संगीत बसवणं वाटतं तितकं सोपं नाही. गुरुत्वाकर्षणावर पळणारी गाडी रोज सारख्या वेळात पळत नाही. सकाळी बेअरिंगचं वंगण थंड, गाडी हळू. दुपारी तीच गाडी जोरात. बारा धिप्पाड माणसं बसली तर हवेचा अडथळा वजनाच्या मानाने कमी पडतो, आणखी जोरात. धून नुसती घड्याळावर सोडली तर शेवटच्या वळणाचा ठेका ब्रेकवर येईल.

मुखदर्शन

तुम्ही सेकंद मोजताय, रांगेतले तास कोण मोजणार? १९९९ पासून फास्टपास, म्हणजे ठरावीक वेळेला येऊन लांब रांग टाळायचा पास, फुकट होता. २०२१ मधे तो गेला आणि पैशाची रांग आली, दोन्हीकडे. आता आधी तिकिटाचे पैसे, मग आत जाऊन पुढे सरकायचे वेगळे पैसे. मूळ कोण आणि नक्कल कोण याने काय फरक पडतो? दोन्हीकडे एकच दृश्य: साधी रांग खांबासारखी उभी, शेजारून पैशाची रांग चालतेय. तिरुपतीचं तीनशेचं तिकीट तरी बरं, तिथे निदान लाडू मिळतो.

तिसरी सीट

हे नेहमीचं रडगाणं. पैशाची रांग बंद केली तर ती माणसं घरी जाणार आहेत का? तुमच्याच रांगेत तुमच्या पुढे उभी राहतील. गाडीतल्या जागा तेवढ्याच, माणसं तेवढीच. सरासरी थांबणं तेवढंच.

मुखदर्शन

सरासरी! एकाचे पाय ओव्हनमधे, दुसऱ्याचे फ्रीजमधे, सरासरी तापमान उत्तम.

समजा तासाला १८०० माणसं जातात. दोन्ही रांगा जिथे मिळतात तिथला माणूस दहात सात पैशाचे सोडतो. साध्या रांगेला राहिले तासाला ५४०. तुमच्यापुढे ९०० माणसं असतील तर १०० मिनिटं. पाटीवर लिहिलेलं ६० मिनिटं सकाळी खरं होतं.

आणि "त्याच रांगेत उभे राहतील" हे अर्धसत्य. पैसेवाला थांबतो कुठे? त्याचा नंबर फोनमधे थांबतो, तो स्वतः त्या वेळात दुसऱ्या राइडच्या साध्या रांगेत उभा असतो. एक माणूस, दोन रांगा. पार्कात जितकी माणसं आहेत त्यापेक्षा जास्त माणसं रांगेत आहेत, हे असं होतं.

राइड बंद पडली की तर मजाच. त्या वेळेचे पासवाले नंतर केव्हाही येऊ शकतात. राइड उघडली की सगळे एकदम. पहिला तासभर साधी रांग हलत नाही, म्हणून "आत्ताच उघडली" ऐकून धावत जाऊ नका.

तिसरी सीट

एक माणूस, दोन रांगा. हं. हे माझ्या हिशोबात नव्हतं. ओव्हनचा टोमणा मारला नसता तर आनंदाने मान्य केलं असतं.

शुचिर्भूत

देवस्थानांना मधे ओढायची गरज होती का? दर्शन आणि झोपाळा एकाच तराजूत?

मुखदर्शन

पंढरपुरात मुखदर्शनाची रांग वेगळी, पदस्पर्शाची वेगळी. विठ्ठल एकच, आवृत्त्या दोन. मला तर धाग्याचा विषय याहून सोपा करून सांगता येत नाही.

शुचिर्भूत

संपादक लक्ष देतील का?

रूळतपासनीस

संपादक येईपर्यंत "बंद पडली" याबद्दल. बहुतेक वेळा काही मोडत नाही. रूळ भागाभागांत तोडलेला असतो, एका भागात एकच गाडी, पुढचा मोकळा होईपर्यंत मागचीला ब्रेक. रेल्वेची ब्लॉक पद्धतच. आता स्टेशनवर कुणीतरी सॅक पायात ठेवू की मांडीवर यावर चर्चा सुरू करतो, दांडा बसत नाही, गाडी सुटत नाही. मागची गाडी स्टेशनबाहेर थांबते, तिच्या मागची ब्रेकवर, तिच्या मागची त्याच्या आधीच्या ब्रेकवर. ब्रेकचा पट्टा उतारावर असेल तर गाडी सोडली की पुन्हा निघते. सपाटीवर थांबली तर आपोआप निघत नाही. मग दिवे लागतात आणि माणसं चालवत खाली आणावी लागतात. सॅक बाहेरच्या माणसाकडे द्या, चष्मा खिशात, टोपी पायाखाली. हजार माणसांचा तास वाचतो.

ओरलँडोत पीपलमूव्हर, म्हणजे पार्कात उंचावरून संथ फिरवणारी छोटी गाडी, डोंगराच्या आतून जाते. दिवे लागले असतील तर त्यात बसून आतला रूळ बघून घ्या. पराती-भांडी रचून ठेवलेल्या माळ्यासारखं दिसतं. डोकं रुळांच्या किती जवळून जातं ते कळल्यावर पुन्हा कुणी हात वर करत नाही.

खोपोली एक्झिट

तुम्ही दोघं भांडा. पॅरिसला १९९५ पासून हीच राइड तोफेसारखी सोडतात, आणि आत उलटीपालटी वळणं आहेत. टोकियोवाल्यांनी १९८३ चा डोंगर जुलै २०२४ अखेर बंद करून पूर्ण नवा बांधायला घेतलाय. आणि अंधारात गाडी सोडायचा हा प्रकार आपल्या इमॅजिकातही आहे, डीप स्पेस. विमानाचं तिकीट नको, एक्स्प्रेसवेचा टोल भरा.

उजवं वळण

टोकियोचा डोंगर अनाहाइमच्या धर्तीवर होता, ओरलँडोच्या नाही. नक्कल करायची वेळ आली तेव्हा जपान्यांनी कुणाची केली, याची नोंद ओमेगा यांनी घ्यावी.

ओमेगा बाजू

घेतली. आणि आता पाडतायत कुणाची, याची तुम्ही घ्या.

आईचा पदर

तीन तास वाचतेय. मुलगी ४३ इंच आहे, दोन्हीकडे जाणार आहोत. सरळ उत्तर मिळेल का?

ओमेगा बाजू

ताई, ओरलँडोत नाही बसू देणार. एक इंचही सोडत नाहीत. तुम्ही दोघं रायडर स्विच मागा: एक जण मुलीजवळ थांबतो, दुसरा बसून येतो, मग पहिल्याला रांगेत न थांबता सोडतात. रांगेत शिरण्याआधी तोंडाशी असलेल्या माणसाला सांगायचं, आत गेल्यावर नाही.

अनाहाइममधे बसेल ती. तुमच्या शेजारी.

उजवं वळण

शेवटची ओळ ठळक अक्षरांत करता येईल का?

ओमेगा बाजू

नाही.