हर्मिट क्रॅब आणलेत, तारेच्या पिंजऱ्यात चालतील का?

शहापूर_गल्ली
नमस्कार. मुलीच्या हट्टापायी दोन हर्मिट क्रॅब आणलेत, शंखात राहणारे ते खेकडे. दुकानदारानं तारेचा पिंजरा, रंगीत खडे, एक स्पंज आणि कार्टून रंगवलेले दोन शंख दिले. "स्पंज ओला ठेवा, बास" म्हणाला. मोठा सारखा खडे उकरतोय, छोटा शंखात ओढून बसलाय तो बाहेरच येईना. पाणी कॉर्पोरेशनचं आहे. नेमकं काय काय बदलू?

खानापूर_रोड
ताई, आधी तो पिंजरा बाजूला ठेवा. हे खेकडे जमिनीवर राहत असले तरी श्वास कल्ल्यांनीच घेतात, आणि कल्ले ओलसर असले तरच ते जमतं. तारेतून दमटपणा निघून जातो आणि खेकडा गुदमरतो. तेही एकदम नाही, आठवडे लागतात, म्हणून आपल्याला तो नुसता सुस्त वाटत राहतो.

दोन बाय एक फुटाची, सव्वा फूट उंचीची काचेची टाकी घ्या. झाकणही काचेचंच. रोज खाणं ठेवताना ते उघडतं तेवढी हवा पुरते.

आता वाळू. मोठा उकरतोय ते खेळ म्हणून नव्हे, त्याला कात टाकायला पुरायचंय आणि खड्यांत बीळ टिकत नाही. पाच भाग बारीक वाळू, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), थर किमान सहा-सात इंच. या मापाच्या टाकीला साधारण २७ लिटर वाळू आणि साडेपाच लिटर कोकोपीट लागतं. वजन चाळीस किलोच्या वर जातं, तेव्हा टीपॉयवर टाकी ठेवू नका. बांधकामाची एम-सँड नको, दगड फोडून केलेल्या त्या वाळूचे कण धारदार असतात आणि भुकटीही फार. नदीची वाळू चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. कोकोपीट खत न मिसळलेलं बघून घ्या. मग क्लोरीन काढलेलं पाणी घालून मिश्रण मुठीत दाबा: गोळा झाला पाहिजे, पाणी गळता कामा नये. गळालं तर तळाशी पाणी साचतं, वास सुटतो आणि खाली पुरलेला खेकडा तिथंच जातो.

रंगीत शंख टाकून द्या. रंगाचे पापुद्रे निघतात आणि ते खातात. दर खेकड्यामागं तीन-चार साधे शंख हवेत, तोंड आत्ताच्या शंखापेक्षा किंचित मोठं. पाच मिनिटं उकळा, पूर्ण गार झाल्यावरच आत ठेवा.

अनगोळ_नाका
पाण्याचं मी सांगतो. दोन वाट्या लागतात, एक गोडी, एक खारी. कॉर्पोरेशनच्या पाण्यातला क्लोरीन कल्ल्यांना सोसत नाही, माशांच्या दुकानात अँटीक्लोरीन मिळतं ते बाटलीवरच्या प्रमाणात घाला. खाऱ्या पाण्याला मरीन सॉल्टच, लिटरला ३५ ग्रॅम. जेवणातलं मीठ चालत नाही ओ, त्यात समुद्राच्या पाण्यातले बाकीचे क्षार नसतात. वाटी अशी की खेकडा आत पूर्ण बुडेल, आणि चढून यायला दगड ठेवा, नाहीतर बुडून मरतो.

आणि तांब्याच्या कळशीतलं पाणी अजिबात नको. आपल्याला चांगलं, पण खेकडा-कोळंबीला तांबं विष आहे.

चिकोडी_कडचा
स्पंज ठेवला तर काय बिघडतं? दमटपणा वाढतोच की.

अनगोळ_नाका
वाढतो थोडा, पण दोन दिवसांत कुजायला लागतो. रोज उकळणार असाल तर ठेवा. मी म्हणेन कशाला तो व्याप.

खानापूर_रोड
आपल्याकडं एक फसगत ठरलेली. जून ते सप्टेंबर बेळगावची हवा इतकी ओली असते की कशीही टाकी चालून जाते. होळीनंतर हवा कोरडी पडली की खेकडे पटापट जातात, आणि माणूस म्हणतो उन्हानं गेले. म्हणून डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे दमटपणा मोजणारा मीटर, आत लावाच. ७५ ते ८५ टक्के दमटपणा, २४ ते २९ अंश तापमान. मीटर खरा आहे का बघायला बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाण्यानं ओलसर करा, मीटरबरोबर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवा. ७० दाखवला तर पुढं कायम पाच मिळवून वाचायचं.

थंडीत रात्रीचा पारा १५ च्या आसपास येतो, तेव्हा हीट मॅट लागेल. ती मागच्या काचेला बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर चिकटवा. खाली लावली तर पुरलेला खेकडा भाजून निघतो. बल्ब नको, हवा सुकवतो.

त्या खोलीत मच्छरची अगरबत्ती किंवा लिक्विड मशीन लावू नका. डास मारणारं औषध खेकड्यालाही मारतं.

शहापूर_गल्ली
छोटा मेलाय की कात टाकतोय, कसं ओळखू? खायला काय देऊ?

अनगोळ_नाका
नाक जवळ न्या. मेलेल्याला कुजक्या मासळीचा उग्र वास येतो, तो चुकत नाही. वास नसेल तर हात लावू नका, शंखातून ओढायचं तर नावच नको, तुटतो पण सोडत नाही. बाहेर पोकळ, हलकं सांगाडं पडलेलं दिसलं तर ती कात, तिथंच ठेवा. तो ती खाऊन कॅल्शियम भरून काढतो. वाळूखाली गेला तर महिना-दोन महिने दिसणार नाही, उकरायचं नाही.

खायला संध्याकाळी द्या, रात्रीच फिरतात. ओलं खोबरं, गाजर, मीठ न घातलेला माशाचा तुकडा, उकडलेलं अंडं कवचासकट. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मिळतो, त्याचा तुकडा कायम आत असू दे. कांदा, लिंबू, फोडणीचं काही नको. उरलेलं सकाळी काढा.

चिकोडी_कडचा
चोर्ला घाटातून गोव्याला जाणं होतं आमचं. बीचवरचे दोन आणून सोबतीला सोडले तर?

खानापूर_रोड
नको. खडकांतल्या डबक्यात दिसतात ते समुद्री, पाण्याबाहेर फार टिकत नाहीत. त्यांना खाऱ्या पाण्याची वेगळी टाकी, फिल्टर, सगळंच वेगळं. आणि दुकानातले जमिनीवरचेसुद्धा बहुतेक किनाऱ्यावरूनच पकडून आलेले असतात, कारण त्यांची पिल्लं सुरुवातीला समुद्रात तरंगत वाढतात, घरी ते जमवणं फार अवघड. त्यामुळं ताई, आहेत ते दोन नीट ठेवा. छोट्याला आत्ता झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ओल्या वाळूवर ठेवा, शेजारी दोन्ही पाण्याच्या उथळ वाट्या, आणि डबा अंधाऱ्या कोपऱ्यात. टाकी तयार होईपर्यंत तेवढं पुरे.